उन्हाचं ठिगळ, दिव्याचं ठिगळ

देवाने जगात रंग भरताना आमच्या भावोजींना विचारलं नाही, याचा त्यांना जन्मभर राग होता. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. मुक्काम लालबाग, काम गिरणीच्या रंगखात्यात रंग मिसळण्याचं. चहाचा कप हातात आला की तोंडाला लावायच्या आधी खिडकीशी नेऊन बघणार. "तांबडो कमी पडलो गो!" त्यावर ताई म्हणे, "गोड झालाय का ते सांगा आधी!" संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आले, आणि घरी येऊन तक्रार काय, तर एकाही झेंड्याचा भगवा दुसऱ्याशी जुळत नव्हता! गणपतीत त्यांनी मखराच्या पांढऱ्या पडद्यावर लाल आणि हिरवा दिवा एकत्र सोडून पिवळा उजेड पाडला, तेव्हा अख्खी चाळ थक्क झाली. दिव्यात दिवा मिसळला की उजेड वाढतो आणि रंगात रंग मिसळला की काळोख, हे ते आल्यागेल्याला समजावत. लोक मान डोलावत आणि प्रसाद घेऊन सटकत.

खरी पंचाईत झाली ती आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात. आई आधीच गेलेली. तिचं जांभळं लुगडं नेसून ताई आईच्या जागी उभी राहणार होती. नेमकी कोळशाच्या इस्त्रीतली ठिणगी उडाली आणि पदराला भोक पडलं. ताई रडायलाच लागली. भावोजी म्हणाले, "रडतंस कित्याक? असा ठिगळ रंगवून हाडतंय, तुझ्या आवशीक सुद्धा गावाचा नाय!" म्हणजे आईलाही शोधून सापडणार नाही, असं ठिगळ.

पण जुना, विटलेला रंग जुळवणं म्हणजे काय खायचं काम आहे? पहिलं ठिगळ उन्हात हुबेहूब जुळलं, घरातल्या पिवळ्या दिव्याखाली मात्र तपकिरी दिसलं. दुसरं मिश्रण दिव्याखाली जुळवलं, ते उन्हात निळं पडलं. शेवटी दोन्ही ठिगळं आणि सुईदोरा खिशात घालून स्वारी कार्यालयात हजर. दिवसा हे, रात्री ते! मुहूर्त कधीचा, हे मात्र या गृहस्थाने कुणाला विचारलंच नव्हतं.

मुहूर्त निघाला गोरज. ऊन पुरतं गेलेलं नाही, दिवे नुकते लागलेले. भावोजी दोन हातांत दोन ठिगळं घेऊन घामाघूम. अंतरपाट धरला गेला, तशी ताई ओरडली, "अहो, कुठलंही लावा, पण मला जाऊ द्या!" त्यांनी एक कसंबसं टाचलं. ते इतकं विजोड दिसत होतं की पाहुणे आधी ठिगळाकडे बघत आणि मग नवरीकडे. बिचारे भावोजी धड जेवलेसुद्धा नाहीत.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा ताईने ते लुगडं वाळत घातलं होतं. धुऊन धुऊन लुगडं विटलं, ठिगळही विटलं, आणि आता दोघांचा रंग इतका एक झालाय की मला ठिगळ सापडेना.

"ताई, अखेर जुळलं की गं!" मी म्हणालो.

ती पदरावरून बोटं फिरवत राहिली. "जुळलं रे," ती म्हणाली, "पण बघायला हे नाहीत."