मडक्यावर शिकलेली दाढी

वडिलांनी गिरणी सोडली आणि ते कोकणात घरची शेती बघायला गेले, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. लालबागच्या खोलीत आई आणि मी उरलो. जाताना त्यांनी आपला जुना वस्तरा माझ्यासाठी फळीवर ठेवला. हाडाच्या मुठीचा, मिटून ठेवता येणारा. "धार चांगली आहे, जपून वापर," एवढंच म्हणाले. कसा वापरायचा ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमच्यात तशी पद्धतच नव्हती.

त्याच महिन्यात मला फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्टाची जागा मिळाली. तिथे रोज गुळगुळीत दाढी करून जावं लागे. मी खिडकीच्या गजाला आरसा टांगायचो, तोंडाला साबण फासायचो आणि दात आवळून वस्तरा ओढायचो. दाढी कमी आणि रक्तच जास्त निघायचं. हनुवटीवर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून मी कचेरीत पोचायचो. हेडक्लार्क एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, घरी मांजर पाळलंय वाटतं?" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना ओठाखालची जखम पुन्हा उघडली.

आई म्हणायची, "सलूनात जाऊक काय होता तुका?" पण मी हट्टालाच पेटलो होतो. वडिलांना जमत होतं, मग मला का नाही?

आमच्या शेजारच्या खोलीत एक काका काकींबरोबर राहायचे. गिरणीत विणकर, आमच्याच भागातले, पन्नाशीच्या आतबाहेरचे, बोलायला कमी. एका रविवारी सकाळी सामायिक नळावर पाणी भरताना त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोणाचो मार खाल्लंस?"

"मार नाही काका, दाढी केली."

"वस्तरो आण बघू."

मी आणून दिला. त्यांनी तो उजेडात धरला, अंगठा धारेवर आडवा, अगदी हलका फिरवला आणि मान हलवली. "ही धार मेली. मेलेली धार केस कापत नाही, ओढते. मग तू जोर करतस, आणि जोर केलंस की कातडी फाटते. संध्याकाळी ये. आणि येताना एक मडकं घेऊन ये."

"मडकं कशाला?"

"तुझ्या तोंडापेक्षा मडकं स्वस्त."

संध्याकाळी त्यांनी गॅलरीच्या कठड्याला चामड्याचा एक लांब पट्टा बांधला. गिरणीतल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्याचाच तो तुकडा होता, तेल पिऊन काळा आणि मऊ झालेला. वस्तरा त्यांनी आधी दगडावर लावला होता. आता तो पट्ट्यावर फिरवायला शिकवलं. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवरच उलटा करायचा, धार वर उचलायची नाही. मी पहिल्याच फेरीत चुकलो आणि पट्ट्याला चीर पाडली. मला वाटलं, आता रागावतील. ते म्हणाले, "पट्ट्याक दुखत नाही. पुढे चल."

मग मडकं. त्यांनी त्याला साबणाचा फेस लावला आणि म्हणाले, "हा फेस काढ. मडक्यावर खरखर आवाज येता नये." ऐकायला सोपं होतं. पण वस्तरा जरा उभा झाला की मडकं खरखरायचं, आणि अगदी आडवा झाला की फेस तसाच राहायचा. आठवडाभर, सकाळी स्वतःची दाढी पूर्वीसारखीच कशीबशी उरकायचो आणि कचेरीतून आलो की मडक्याची दाढी करत बसायचो. येणारेजाणारे थट्टा करायचे. आईने जाहीर केलं की त्या मडक्यात आता ती पाणी भरणार नाही.

सातव्या की आठव्या दिवशी मडकं गप्प झालं. तेव्हा काकांनी मला आरशासमोर बसवलं. गरम पाण्यात बुडवलेला पंचा गालावर धरायला लावला. "केस भिजूक दे. घाई करणाऱ्याचीच दाढी झोंबते." मग बोटांनी गाल चाचपायला सांगितला, केस कुठल्या बाजूला झुकलेत ते कळावं म्हणून. माझ्या गळ्यावरचे केस आडवे वाढतात हे मला त्या दिवशी कळलं. इतके दिवस मी त्यांच्याशी भांडत होतो. "डाव्या हातान कातडी ताण. वस्तऱ्याचं वजन वस्तऱ्याकच उचलूक दे. तू नुसतो वाट दाखव."

पहिले काही दिवस त्यांनी फक्त गाल शिकवला, मग गळा, सगळ्यात शेवटी हनुवटी आणि ओठाच्या वरचा भाग. महिन्याभराने एका सकाळी मी दाढी संपवून तोंडावर गार पाणी मारलं, आणि काहीच झोंबलं नाही. तुरटी फिरवली, तरी झोंबलं नाही. मी पुन्हा पुन्हा गालावरून हात फिरवत राहिलो.

धावत जाऊन काकांना दाखवलं. त्यांनी हाताच्या मागच्या बाजूने माझा गाल तपासला. मी सहज म्हणालो, "काका, तुमचा हात इतका सरावाचा कसा?"

त्यांनी कठड्याचा पट्टा सोडायला घेतला. "माझो बाप न्हावी होतो. तो गावात घरोघर जायचो. अंगणाच्या कडेक बसून दाढ्या करायचो. झाली दाढी की माणसं सरळ आंघोळीक जायची. त्याचो हात लागलो म्हणून." मग त्यांनी पट्टा गुंडाळला. "मी बारा वर्षांचो असताना वस्तरो धरूक शिकलंय. मुंबईत आलंय तेव्हा ठरवलं, दुसऱ्याच्या तोंडाक वस्तरो लावायचो नाही. तुका शिकवलं, पण तुझ्या गालाक कधी लावलो नाही, आठव."

खरंच होतं. इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही माझी दाढी केली नव्हती. आणि आमच्या घरीही दाढी झाली की आंघोळ केल्याशिवाय आई मला चुलीजवळ येऊ देत नसे. त्यामागचा अर्थ मला त्या दिवशी पहिल्यांदा लागला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. परळच्या मैदानात सभा व्हायच्या, गिरण्या बंद पडायच्या, भिंतीभिंतीवर चुन्याने घोषणा लिहिलेल्या असायच्या. आम्ही दोघं सभांना बरोबर जायचो. एकदा काका सत्याग्रहींच्या तुकडीत गेले आणि पकडले गेले. मला कचेरीची भीती होती, मी गेलो नाही.

तीन आठवड्यांनी ते सुटून आले. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली, उजवा हात प्लास्टरमध्ये. पोलिसांच्या लॉरीत चढताना रेटारेटीत पडले होते आणि मनगट मोडलं होतं. चाळीने हार घातला, पेढे वाटले. गर्दी ओसरली तशी त्यांनी मला आत बोलावलं.

"माझी दाढी कर."

काकी म्हणाल्या, "अहो, नाक्यावरच्या सलूनात जा की."

"सलूनात मी बसत नाही. तिथे कोणाचो तरी बाप माझ्या पुढे वाकतो." मग माझ्याकडे वळून, "करशील?"

खरं सांगायचं तर मी कचरलो. दाराबाहेर अजून चार माणसं उभी होती. आपण एका माणसाची दाढी करतोय आणि ती माणसं बघताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "काका, माझा हात अजून बसला नाही."

"मडक्यावर बसलो, तुझ्या तोंडावर बसलो, माझ्याच तोंडावर बसत नाही काय?"

मी वस्तरा आणला. आत येताना दार लोटून घेतलं. त्यांनी ते बघितलं आणि डोळे मिटले.

दुसऱ्याच्या तोंडावर वस्तरा फिरवणं हे वेगळंच काम आहे, हे मला तेव्हा कळलं. आपल्या गालाला दुखलं तर आपल्याला कळतं, दुसऱ्याचं त्याच्या श्वासावरून ओळखावं लागतं. त्यांचा गळा माझ्या बोटांखाली होता, गिळताना वरखाली होत होता. वस्तरा जरा उभा झाला आणि जबड्याखाली एक बारीक रेघ उमटली.

"कापलं काका."

"होऊ दे. माझ्या बापाची कोणी केली नाही कधी. तो सगळ्यांची करायचो, आणि घरी येऊन भिंतीक टेकून आपली आपण करायचो." डोळे अजून मिटलेलेच होते.

दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो, तर काकांनी खुर्ची स्वतःच ओढत गॅलरीत आणली होती. भर सकाळी, सगळे नळावर असताना. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी मान वर केली. कोणीतरी ओरडलं, "काय रे, आता न्हाव्याची धोकटी घेऊन नाक्यावर बसणार काय?" माझे कान तापले. पण मी फेस लावला आणि सुरुवात केली. गाल अर्धा झाला तोवर थट्टा थांबली. लोकांना पाणी भरायचं होतं.

प्लास्टर आणखी पाच आठवडे होतं. एक दिवसाआड मी त्यांची दाढी करायचो. सुरुवातीला मी परत आलो की आई आधी आंघोळीला पाठवायची. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिनेच स्टोवरून तपेलं उतरवलं आणि म्हणाली, "पाणी तापला हा. ते वाट बघत असतीत." त्या दिवसापासून दाढी झाल्यावर ती मला आंघोळीचं विचारेनाशी झाली.

प्लास्टर निघालं आणि काका आपली आपण दाढी करू लागले. आम्ही पुढे बरीच वर्षं शेजारी होतो. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी त्यांनी मला गॅलरीतच मिठी मारली. खूप गोष्टी बोललो, गिरणीच्या, गावाच्या, राजकारणाच्या. पण पहिल्या दिवशी मी दार का लोटलं होतं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या वेळी त्यांनी फक्त खुर्ची बाहेर आणली.