उभं आत, आडवं बाहेर

रविवारी सकाळी सातच्या सुमाराला, आमच्या गारखेड्यातल्या घरासमोर, कडुनिंबाच्या सावलीत मी बंद गाडीत बसलेला असायचो. चारही काचा वर. बाहेरचं सगळं दिसायचं, पण ऐकू काही यायचं नाही. दूधवाला तोंड हलवत जायचा, समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकायचं, आणि आवाज कशालाच नसायचा. पानांची सावली माझ्या गुडघ्यांवर हळूहळू सरकत राहायची. मी अर्धा झोपेतच असायचो, पण हात चालू असायचा. डाव्या हातात ओलं फडकं, उजव्या हातात कोरडं. वरून खाली, वरून खाली.

समोरच्या काचेपलीकडे आई असायची. पदर खोचलेला, बाही कोपरापर्यंत सारलेली. तिचा हात डावीकडून उजवीकडे जायचा. काचेच्या मधोमध आमचे हात एकमेकांवरून जायचे, मध्ये फक्त काच. ती काहीतरी बोलायची आणि मला नुसते ओठ दिसायचे. पण काय म्हणतेय ते न ऐकताही कळायचं. कोपरा राहिला, असंच म्हणत असणार.

आई शाळेत शिक्षिका होती. पस्तीस वर्षं तिनं फळा पुसला, आणि फळा पुसण्याबद्दल तिची मतं फार कडक होती. गोल गोल पुसलेला फळा तिला बघवायचा नाही. "वरून खाली ओढायचं, म्हंजे खडू खाली येतो. गोल फिरवलं की तिथल्या तिथं फिरतो," असं ती सांगायची. निवृत्तीनंतर फळा सुटला आणि गाडीची काच तिच्या तावडीत सापडली. काचेला दोन बाजू असतात, म्हणून नियमही दोन झाले. आतून उभं पुसायचं, बाहेरून आडवं. मग उन्हात ओघळ दिसला की भांडण नको. उभा असेल तर आतला, म्हणजे माझा. आडवा असेल तर बाहेरचा, म्हणजे तिचा.

आतली काच बाहेरच्यापेक्षा हट्टी असते, हे गाडी पुसणारा कुणीही सांगेल. बाहेर धूळ बसते आणि पाण्यानं जाते. आत मात्र आपल्या उन्हाळ्यात डॅशबोर्ड तापतो आणि त्याचा एक तेलकट थर काचेवर चढतो. दिसत नाही तो. ऊन समोरून आलं की मगच दिसतो. पाणी काचेवर मारायचं नाही, फडक्यावर मारायचं, तेही थोडं. लगेच कोरडं फडकं फिरवायचं. दाराची काच आधी दोन बोटं खाली घेऊन वरची कड पुसायची, मग वर चढवून बाकीची. समोरच्या काचेचा खालचा कोपरा बोटांनी पुसला जात नाही, तिथं हात उलटा करून घुसवावा लागतो. हे सगळं मी एका दिवसात शिकलो नाही. पहिल्या रविवारी मी आईच्या जुन्या सुती साडीचं फडकं फाडून घेतलं. साडी मऊ, जुनी, सगळं योग्यच होतं. फक्त शाळेतल्या बाई साड्यांना खळ करून नेसतात, हे मी विसरलो. ओल्या काचेवर ती खळ अशी उतरली की गाडीत बसून बाहेरचं जग दुधात बुडाल्यासारखं दिसायला लागलं. आई बाहेर उभी राहून पोट धरून हसली. तिला इतकं हसताना मी बाबा गेल्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

गाडी बाबांची. ते गेल्यावर दोन वर्षं ती अंगणात धूळ खात पडली होती. शेवटी मी विकायची गोष्ट काढली, तर आई म्हणाली, "विकायची कशाला? मी शिकते की." अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्त होताच ती शिकली, आणि लई झकास शिकली. भाजी, बँक, मावशीचं घर, मैत्रिणींची भिशी, सगळीकडे स्वतः जायची. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती कुठं कधी निघायचं ते स्वतः ठरवत होती. मी तिचा मुलगा असलो तरी गाडीच्या बाबतीत फक्त आतून पुसणारा माणूस होतो, आणि मला ते आवडायचं.

पुसून झालं की परीक्षा असायची. आई गाडी काढायची, मी शेजारी. जालना रोडनं सरळ मुकुंदवाडीकडे, म्हणजे उगवत्या उन्हाला तोंड देऊन. रस्ता रिकामा, गाडीत कोवळं ऊन भरलेलं, आम्ही दोघं काचेकडे बघत गप्प. तिथल्या रेल्वे स्टेशनाजवळ गाडी थांबवून निकाल लागायचा. ज्याचा ओघळ निघेल, त्यानं घरी येऊन दोघांसाठी पोहे करायचे. बहुतेक वेळा पोहे मीच केले. कधीतरी पॅसेंजर गाडी स्टेशनात येऊन थांबायची, चार माणसं उतरायची, ती निघून जायची, तरी आम्ही तसेच बसलेले असायचो. माझ्या आठवणीत ते सगळे रविवार एकमेकांत मिसळून एकच लांब सकाळ झाली आहे.

मग गेल्या हिवाळ्यात आई म्हणाली, "आत राहिलंय. मधोमध."

मी पाहिलं. काच स्वच्छ होती. डोकं तिरपं करून पाहिलं, मागं सरकून पाहिलं, काही नाही. पण आईशी काचेवरून वाद घालायचा म्हणजे तास गेला. शिवाय मी मूळचा आळशी. भांडण्यापेक्षा मान्य करणं मला सोपं वाटतं. "हो गं, राहिलंय माझं," मी म्हणालो. घरी आलो आणि पोहे केले.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. मी वर्तमानपत्राचे बोळे वापरून पाहिले, पाण्यात व्हिनेगरचे थेंब टाकून पाहिले. दर वेळी काच आरशासारखी निघायची आणि दर वेळी आई म्हणायची, "नाय रे, आहे अजून. मळकट." मी दर वेळी "हो" म्हणायचो. मला वाटायचं, वय झालं की माणसं चिकित्सक होतात. एकदा मुकुंदवाडीच्या चौकात सायकलवाला अगदी गाडीजवळ आल्यावर तिनं करकचून ब्रेक दाबला. तो शिव्या देत निघून गेला. आईनं गाडी कडेला घेतली. "काच बघ की कशी झालीय. माणूस दिसत नाय," ती म्हणाली. मी त्याच संध्याकाळी काच पुन्हा पुसली. आता हे लिहिताना लाज वाटते. पण खरंच, मी काच पुसली.

शेवटी दोष फडक्यावर आला. शहागंजात एक जुनं कापडाचं दुकान आहे, तिथली मलमल धागे सोडत नाही असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून रिक्षानं गेलो. दोन मीटर मलमल घेतली आणि परतीची रिक्षा केली. दुपार कलली होती. मी मोबाइलमध्ये डोकं घातलेलं. आई मलमलची पुडी मांडीवर घेऊन समोर बघत होती. थोड्या वेळानं ती पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "भाऊ, काच पुसत जा हो जरा. मधोमध केवढा डाग पडलाय."

रिक्षावाला वयस्कर, शांत माणूस होता. त्यानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "कौनसी कांच, मॅडम? कांच तो हैच नई. परसों फूट गई, अभी बिठानेकी है." आणि खात्री पटावी म्हणून त्यानं समोरच्या रिकाम्या चौकटीतून हात बाहेर काढून दाखवला. बाहेरच्या उन्हात त्याची बोटं हलत होती.

मी आधी हसलो. मग आईकडे पाहिलं. ती त्या हाताकडे बघत होती. एक डोळा झाकून तिनं बघितलं, मग दुसरा झाकून. पुडी तिनं घट्ट धरून ठेवली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून होतंय?" आई म्हणाली, "सहा महिन्यांपासून काच खराब आहे." त्यांना कळेना, मग मला सगळं सांगावं लागलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार होता, दोन्ही डोळ्यांचा. नजर मधूनच जात होती. कडेचं दिसणार, समोरचं नाही. इंजेक्शनं देऊन आहे तेवढं राखता येईल, गेलेलं परत येणार नाही. "तेव्हाच आला असतात तर बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते सहज म्हणाले. मी मनात रविवार मोजायला लागलो.

बाहेर आल्यावर आई गाडीपाशी थांबली.

"दर रविवारी तू म्हणायचास ना, माझं राहिलंय म्हणून?"

"हो."

"राहिलं होतं?"

"नव्हतं, आई."

पर्समधून किल्ली काढून तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि गाडीला हात लावत लावत पलीकडच्या दाराशी गेली. त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली. ओरडली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे कितीतरी रविवार गाडी पुसलीच गेली नाही. इंजेक्शनं झाली, घरातले कोपरे आणि पायऱ्या आईच्या सवयीच्या झाल्या. कुठंही जायचं तर ती आता मला विचारायची, "तुला वेळ आहे का रे?" तो प्रश्न ऐकला की मला नको नको व्हायचं. कारण तो प्रश्न विचारावा लागू नये म्हणूनच ती गाडी शिकली होती.

आणि मग एका रविवारी सात वाजता बाहेर बादलीचा आवाज झाला. आई पदर खोचून उभी होती. "आत बस," म्हणाली.

मी आत बसलो. काचा वर घेतल्या. बाहेरचा आवाज बंद झाला, कडुनिंबाची सावली गुडघ्यांवर आली, आणि ती सगळी जुनी लांब सकाळ पुन्हा सुरू झाली असं वाटलं. आईचा हात काचेवरून जात होता, डावीकडून उजवीकडे, चाचपत. नजर कुठंतरी बाजूला होती, पण हाताला रस्ता माहीत होता. मधोमध आमचे हात एकमेकांवरून गेले. माझे डोळे भरून आले आणि आईला ते दिसणार नव्हते, म्हणून मी ते पुसलेही नाहीत.

मग जालना रोड. मी चालवत होतो, ती शेजारी. ऊन समोरून आलं आणि मला स्पष्ट दिसला: काचेच्या मधोमध वीतभर लांब ओघळ. आडवा.

स्टेशनाजवळ गाडी थांबवली. आईनं विचारलं, "हं, कुणाचं राहिलंय?"

"माझं," मी म्हणालो. "उभा आहे. आतून. पोहे माझ्याकडे."

स्टेशनात पॅसेंजर येऊन गेली.

"बोटाला साबणाचं पाणी लावून मी ओढलाय तो," ती म्हणाली. "मुद्दाम. आडवा."

मी तिच्याकडे वळलो.

"ह्यापुढं मला जे दिसायचं ते तुझ्या डोळ्यांनी दिसायचंय. मला बरं वाटावं म्हणून आधी खोटं बोललास, त्यात माझे सहा महिने गेले. परत बोललास तर मी बघायचं कुणाकडून?" तिचा आवाज वर्गातल्यासारखा होता. "आता सांग. नीट बघून सांग."

मी काचेकडे पाहिलं. मग जसं होतं तसं सांगितलं. आडवा आहे, आई. मधोमध. वीतभर. उजवीकडं जाड आहे, डावीकडं बारीक होत गेलाय. खालच्या कोपऱ्यात एक उभा आहे, तो माझा. काचेपलीकडं रिकामा फलाट आहे, बाकड्यावर एक म्हातारा चप्पल काढून बसलाय, आणि ऊन बरोबर तुझ्या तोंडावर येतंय.

"येतंय ते कळतंय मला," आई म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले. "चल घरी. पोहे दोघं मिळून करू. कांदा तू चिर."