सान्चोंगवालीची वाटी

कोरियातल्या आमच्या बायकांच्या नाटकमंडळीत मी हयातभर राजे केले. राजा येण्याआधी पडद्यामागे जिंग वाजायची, काशाची ती मोठी थाळी, आणि समोरचे लोक आपोआप ताठ बसायचे. मला मिळालेली निम्मी दाद तिचीच. ती घडवणारा मा ग्योंग-दल हाम्यांगच्या डोंगराखाली राहायचा.

जुनं कासं भट्टीत टाकताना तो प्रत्येक तुकड्यावर आधी हातोडी मारायचा. बोलेल तो आत. मुका थेट अंगणात भिरकावला जायचा.

"दादा, बोलणं-न बोलणं ठरतं कशावर?" मी एकदा विचारलं.

"तांबं मऊ, महाराज. जरासं बोलतं न् गप्प होतं. कथील वाकवलं तर कुरकुरतं, ठोकलं तर काही नाही. दोन्ही मापात मिसळली की आतले कण एकमेकांना सरकू देत नाहीत. मग माराला आत जागाच उरत नाही, तो आवाज होऊन बाहेर पडतो. शिशाचे कण सरकतात. ते मार गिळून बसतं."

"आमच्या मॅनेजरसारखं. कितीही बोला, आत काही वाजत नाही."

त्याची बायको सान्चोंग गावची, म्हणून सगळे तिला सान्चोंगवालीच म्हणत. जेवण वाढलं की ती आपल्या काशाच्या वाटीवर चमच्याने एक टोला द्यायची. घणांच्या त्या गदारोळातही ग्योंग-दलची मान वळायची. सासू ओरडे, "भीक मागतेस का गं? घराचं सुख उठून जाईल."

"मग तुम्हीच हाक मारून बघा, लेक ऐकतोय का."

पुढे घरोघरी कोळशाच्या वड्या जळू लागल्या. त्या धुराने कासं काळं पडायचं, म्हणून लोक स्टीलवर आले. तिचीही वाटी फडक्यात गुंडाळून कपाटात गेली आणि जेवायला उठवायला ती भट्टीपाशी येऊन नवऱ्याच्या खांद्याला हात लावू लागली. आईचं बोलणं हिने मनावर घेतलं, असं तो समजला.

सान्चोंगवाली थंडीत गेली. वसंतात त्याने मला निरोप धाडला. "तिच्या वाटीची जिंग करतोय. रड पकडायला या." घडवलेली जिंग थंड झाली की हलके घाव घालून तिचा सूर बसवतात, त्याला आमच्याकडे रड पकडणं म्हणतात.

मी पोचले तेव्हा नव्या तांब्यात न् कथलात वाटी वितळून गेली होती. घडवताना कड पुन्हापुन्हा फाटत होती, तो छाटत होता.

"वाटी ठोकून पाहिली होतीत ना?"

"तिला? बोलतेस का बघू म्हणून?" तो म्हणाला. "फडक्यासकट टाकली."

जिंग टांगली. त्याने टोला दिला. आवाज उठला आणि तिथेच बसला. त्याने मधे घाव घातले, कडेला घातले, पुन्हा टोला दिला. तेच. त्याची बहीण ओक-बुन दारात उभी होती.

"वहिनीची ती तडकलेलीच टाकलीस का रे?"

"कुठे तडकलेली?"

"हातून पडली होती तिच्या. फिरत्या डागवाल्याकडून खालून शिसं भरून घेतलं. कपाटात उगाच ठेवली होती होय?"

"मला का नाही सांगितलं?"

"मुकं भांडं तू अंगणात फेकतोस, दादा. ती म्हणायची, आधी वाटी जाईल, मागून मी."

ओक-बुन हे हसत म्हणाली, पण पुढे तिलाच हसवेना.

"काढता येईल शिसं?" मी विचारलं.

"माझ्या भट्टीतून नाही." त्याने हातोडी खाली ठेवली. "केवढीशी वाटी, महाराज. मी नवी घडवून दिली असती."

मंडळी तर केव्हाच मोडली होती, नाहीतर ती जिंग मी तशीच मागून नेली असती. ओक-बुनने ती सोया सॉसच्या रांजणावर झाकण म्हणून टाकली. दुपारी ती झाकण उचलते, दगडावर आपटून ठेवते, वाटीभर काढून घेते. भट्टी आता थंड आहे, अंगणात दुसरा आवाज नाही. ग्योंग-दल भिंतीला टेकून बसलेला असतो आणि त्याची मान वळत नाही. जेवायला उठवायचं तर ओक-बुनला जाऊन त्याच्या खांद्याला हात लावावा लागतो.