कानाझावातली गुढी

पाडव्याच्या चार दिवस आधी, शुक्रवारी सकाळी, आम्ही तिघे शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून जपानला निघालो: मी, बायको वसुधा आणि माझी आई. तीन तिकिटांचे तीन हजार नऊशे डॉलर सप्टेंबरातच भरलेले होते आणि ते परत मिळणार नव्हते. मिळणार असते तर ही सहल झालीच नसती. नोव्हेंबरात, पहिल्याच बर्फावर, वसुधा ड्राइव्हवेत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. आत धातूची पट्टी बसली, हाड जुळलं, पण बोटांची थरथर राहिली. आमच्या मंडळात पाडव्याची रांगोळी वर्षानुवर्षं तिची. यंदा तिने कळवून टाकलं, "दुसरं कुणी बघा. मी आता रांगोळी काढणार नाही." यंदापुरतं नव्हे, कायमचं.

कानाझावा शहरात रेशमावर चित्र काढायचा एक दिवसाचा वर्ग तिनेच हौसेने, पडण्यापूर्वी, नोंदवला होता. विमानात ती म्हणाली, "तेवढा कॅन्सल कर."

मी केला नाही.

टोकियोहून झुकझुक न करणाऱ्या गाडीने तीन तासांत कानाझावाला पोचलो. उतरायची सोय एका जुन्या लाकडी रयोकानमध्ये (घरगुती सरायीत) होती. दार सरकवायचं, बूट बाहेर, जमिनीवर गादी. आई गादी बघून खूश झाली आणि तिथून उठायची वेळ आल्यावर नाराज. मालकीण हयाशीबाई साठीच्या पुढच्या, चुणचुणीत. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जपानी. मध्ये माझा फोन भाषांतर करत बसला. घराच्या दाराशी दोन्ही बाजूंना मिठाचे दोन छोटे टोकदार ढीग होते. घर शुद्ध राहावं म्हणून त्या रोज सकाळी ते मांडतात, असं फोनने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी केनरोकुएन बागेत गेलो. फुलांच्या आठवड्यात तिथे प्रवेश मोफत असतो. हे आधी माहीत असतं तर मी जास्त उत्साहाने निघालो असतो. आणि चेरीची फुलं! पान एक नाही, नुसता फिकट गुलाबी बहर, तळ्यावर झुकलेला. वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्या अंगावर. माणसं झाडाखाली निळी ताडपत्री अंथरून डबे उघडत होती. आम्हीही बसलो. आईसाठी भाताचे त्रिकोणी गोळे घेतले होते, पोटात खारवलेलं आंबट फळ. आईने चाखलं आणि म्हणाली, "लोणचं आहे. जमलंय." बाहेर दुकानात सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम विकत होते. तिने ते बघूनच मान हलवली.

"सोनं साठवायचं असतं रे. खातात काय!"

वसुधा हसली, फोटो काढले, पण फोन डाव्या हातात.

सोमवारी तो वर्ग होता. युझेन म्हणजे रेशमावरचं रंगकाम. चिकट तांदळाची खळ कागदी कोनात भरतात, मेंदीसारखी, आणि त्या खळीची बारीक रेघ रेशमावर ओढतात. मग रेघेच्या आत रंग. खळ रंगाला पलीकडे जाऊ देत नाही. नंतर धुतली की तिच्या जागी पांढरी रेघ उरते. शिकवणारे गृहस्थ पन्नाशीचे, बोलके. त्यांनी आम्हा प्रत्येकापुढे एक रेशमी रुमाल आणि एक कोन ठेवला.

"मी नुसती बघते," वसुधा म्हणाली.

"बघायला एवढ्या लांब आलीस?" आई म्हणाली. "यूट्यूबवर दिसलं असतं."

वसुधाने कोन उचलला. पहिली पाकळी आली. दुसरीत हात हलला, खळीचा मोठा थेंब पडला. तिने तो पुसला, तो पसरला. ती कोन खाली ठेवून हात धुवायला गेली, ती वर्ग संपेपर्यंत आली नाही. माझ्या रुमालावर जे झालं त्याला फूल म्हणणं अवघड होतं, पण मी मुकाट्याने पूर्ण केलं. परतताना कालव्याकाठी दुतर्फा चेरी फुललेली होती. वसुधा पुढे चालत राहिली.

मंगळवारी पाडवा. शिकागोत अजून सोमवारच होता, म्हणून मी शंका काढली. आई म्हणाली, "सूर्य इथला, पाडवा इथला."

मी अंघोळीहून आलो तर रस्त्याकडच्या खिडकीत गुढी उभी! काठी म्हणजे माझा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड. त्यावर वसुधाची पैठणी, वर आईने सामानातून आणलेला तांब्या पालथा. आणि कडुनिंबाच्या जागी चेरीची फुललेली डहाळी.

"आई, ही कुठून?"

"कालव्यावरून. पहाटे गेले होते."

"तोडलीस? इथे लोक फुलाला हातसुद्धा लावत नाहीत!"

"देवाला फुलं म्हटल्यावर शेजारी कधी नाही म्हणतात?"

"पण विचारायचं तरी."

"पहाटे कोण विचारतं!"

तेवढ्यात हयाशीबाई जिना चढून आल्या. फोन म्हणाला, "क्षमा करा, समोरच्या खिडकीत कपडे वाळवू नयेत." मग त्यांना डहाळी दिसली आणि त्यांनी दातांतून श्वास आत ओढला. मी तीन वेळा वाकून माफी मागितली. फोनमार्फत सगळं समजावलं: आमचं नवीन वर्ष, ही गुढी, ही आई. त्यांनी खूप वेळ तांब्याकडे पाहिलं. मग फोन म्हणाला, "झाड शहराचं आहे. पुढच्या वेळी मला विचारा." आणि मग, "अजून काय लागतं?"

"रांगोळी," आई म्हणाली. "माझे गुडघे वाकत नाहीत." तिने वसुधाकडे पाहिलं नाही. वसुधाही खिडकीबाहेर बघत होती.

फोनने रांगोळीचं 'शुभ म्हणून मांडायची पांढरी पूड' असं भाषांतर केलं. हयाशीबाई खाली गेल्या आणि तांदळाचं पीठ व लाखेचा मोठा काळा ट्रे घेऊन आल्या. ट्रे गुढीपुढे ठेवून गुडघ्यांवर बसल्या आणि आपल्या पद्धतीने, मोठ्या भक्तीने, त्यात पिठाचा टोकदार ढीग घातला. बाजूला दुसरा घालायला घेतला.

"अगं बाई!" आई किंचाळली. "पाडव्याला पिंड! वसुधा, मोड ते आधी!"

वसुधा विचार करायला थांबलीच नाही. ट्रेपाशी बसली, "सुमिमासेन," म्हणत (माफ करा, आम्हाला येणारा एकमेव शब्द) ढीग बाजूला सारला, आणि पीठ उजव्या चिमटीत घेऊन ठिपके टाकायला लागली. पाच ठिपके, त्यांभोवती पाकळ्या. रेघ हलत होती. जिथे हलली तिथे तिने पुसलं नाही, बाहेरून दुसरी पाकळी काढली. फूल ठरवल्यापेक्षा मोठं झालं. ट्रे भरला तेव्हा कुठे तिने हाताकडे पाहिलं.

"दुखतोय?" मी विचारलं.

"भयंकर," ती म्हणाली. "अजून पीठ आहे का विचार."

हयाशीबाईंनी ट्रे नंतर दाराशी नेऊन ठेवला, मिठाच्या दोन ढिगांच्या मध्ये. येणारेजाणारे थांबून फोटो काढत होते. आई शेजारी स्टुलावर बसून प्रत्येकाला मराठीत माहिती देत होती. पिठाचे पैसे मी देऊ केले, हयाशीबाईंनी घेतले नाहीत. बक्षिशी तर तिथे अपमान.

शनिवारी घरी पोचलो. चेरीचा बहर आठवडाभराचा. त्यासाठी एवढा खर्च करावा का, असं मला मित्र विचारतात. मी हो म्हणतो, आणि हिशेब मांडून दाखवायला जात नाही. सोमवारी वसुधाने फिजिओथेरपीची वेळ स्वतः घेतली. परतताना ती इंडियन ग्रोसरीत शिरली आणि काउंटरवरच्या काकूंकडून रांगोळीच्या रंगांची पिशवीभर पाकिटं घेतली. पैसे तिनेच दिले. पावती मला दाखवली नाही, त्यामुळे आकडा इथे देता येत नाही.