श्रीमती भराडी देवींची लेखी संमती

आपली मुलगी एक दिवस काहीतरी मोठं करील आणि ते दुसऱ्याच कुणाच्या नावावर जमा होईल, ही धास्ती सीता तोडणकरच्या मानगुटीवर कायमची बसलेली होती. शाळेत रसिकाच्या चित्राला बक्षीस लागलं, पण चित्रामागे नावच नव्हतं, म्हणून ते शेजारच्या बाकावरच्या मुलीने नेलं. रसिकाने टाळ्या वाजवल्या. असल्या मुलीच्या आईला रक्तदाब व्हायला वेगळं मीठ खावं लागत नाही.

दत्ताराम होडी घेऊन मासे मारायचा, सीता बी.कॉम. होऊन पतपेढीत बसायची आणि इंजिनीअर झालेली रसिका जाळी ठेवायच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायची. तिथे तिने एक अ‍ॅप लिहिलं. कोणती होडी कोणती मासळी घेऊन कधी बंदराला लागणार, हे विकणाऱ्या बायकांना मोबाइलवर कळू लागलं. त्यांचं उन्हात तिष्ठणं वाचलं. सुनांच्या चहाड्या करायचा वेळ गेला, अशी तक्रारही दोघीतिघींनी केली.

रसिकाने त्याचा कोड इंटरनेटवर सगळ्यांना खुला ठेवला. असल्या कामात प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ घालायची असते: हक्क कुणाचे, साल कोणतं, लिहिणाऱ्याचं नाव काय. नावाच्या जागी रसिकाने लिहिलं, श्री भराडी देवी. बापाच्या होडीवरही तेच रंगवलेलं. होडीवर स्वतःचं नाव घालणं म्हणजे देवीसमोर खुर्ची टाकून बसणं, अशी वाडीतली समजूत.

तिचा वर्गमित्र नितेश फोंडाघाटचा, बाजारपेठेतला. दुकानाला पाटी लागते, हे तो आईच्या पोटातून शिकून आलेला. त्याने अ‍ॅपमध्ये लॉगिनपुरती भर घातली आणि त्या फाइलच्या डोक्यावर बापासकट स्वतःचं पूर्ण नाव, साल, ईमेल ठोकून दिलं.

पुण्याच्या एका कंपनीला अ‍ॅप पसंत पडलं. मूळ लेखकालाच नोकरीवर घेऊन ते वाढवायचं ठरलं. कंपनीच्या वकीलबाईंचा मेल नितेशला गेला, कारण सगळ्या अ‍ॅपमध्ये ईमेल असलेला माणूस तोच. मेलमध्ये होतं: ‘श्रीमती भराडी देवी यांची लेखी संमती व संपर्क क्रमांक कळवावा.’ नितेशने उत्तर दिलं की देवी हा श्रद्धेचा भाग, काम बहुतेक सगळं माझंच. आणि मग तो मेल रसिकाला पाठवून, तू काही रागावणार नाहीस, असंही वर लिहिलं.

रसिका रागावली नाहीच. श्रीमती वाचून ती पोट धरून हसली आणि आईलाही दाखवायला आली. सीता हसली नाही.

“होडयेर देवीचा नाव आसा म्हणान होडी देवीची झाली काय, आये? आख्ख्या दर्याक ठावक आसा ती बाबांची.”

“दर्याक ठावक आसा. पुण्याक दर्या खंय आसा गो?”

सीताने सुचवलं, देवी वर राहू दे, खाली तुझं नाव घाल.

“देवीच्या शेजाराक माझा नाव? त्यापरास नितेशाचा जाऊंदेत,” म्हणत रसिका बंदरावर निघून गेली. दत्तारामने जाळं विणता विणता सांगितलं की देवी सगळं बघते. सीताच्या मते देवी बघत असेलही, पण मेलला उत्तर देत नव्हती. आणि सोमवारी कंपनीचा नितेशबरोबर करार व्हायचा होता.

नितेशच्या आईला फोन करावा, असं तिला आधी वाटलं. पण तो फोन काजूच्या भावापासून सुरू होऊन नितेश-रसिकाच्या सोयरिकीवर संपला असता. चोराला जावई करून घेण्याइतकी घाई तिला नव्हती.

वकीलबाईंचा नंबर मेलच्या तळाशी होता. रसिका तोंड फुगवणार, हे नक्की. फुगवू दे. रुसलेली पोर भूक लागली की घरीच येते. लेखक कोण ते बंदरावर येऊन कुठल्याही मासेवालीला विचारा, असं बाईंना सांगायचं तिने ठरवलं. मग पतपेढीतल्या मराठीत ‘रसिका दत्ताराम तोडणकर’ एकदा मोठ्याने म्हणून बघितलं आणि नंबर लावला.