सहा तारांची वीणा

आमच्या घराण्यात आजवर कोणी वाद्य वाजवलेलं नाही. फोडलेलं मात्र आहे, आणि ते मीच!

धुळ्यात आमच्या कॉलनीत हल्ली घरोघरी गिटार आलीय. (शेजारी मिक्सर मागितला तर मिळत नाही, गिटार मिळते!) माझी लेक सईसुद्धा शिकते. जळगावच्या स्पर्धेसाठी तिला त्या दिवशी सहापर्यंत व्हिडिओ पाठवायचा होता. नेमका पारोळ्याजवळ आमच्या गावी हरिनाम सप्ताह बसलेला. म्हणून गिटार घेऊनच गेलो.

सप्ताहात वीणा सात दिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, खाली टेकवायची नाही; ज्याची पाळी त्याचा पहारा. माझे चुलते आबा कौतुकाने म्हणाले, "आते तुन्हा पहारा!" वीणा गळ्यात घालून मी ऐटीत वळलो (सगळ्यांना दिसायला हवं ना!) आणि भोपळा खांबावर आपटला. दोन तुकडे!

"वीणा फुटनी!" कुणीतरी ओरडलं. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, सईची गिटार उचलली आणि सरळ गळ्यात घातली.

"चार तारास्नी गई, सहा तारास्नी उनी. फायदाच शे!"

"आबा, ती गिटार आहे!"

"तार शे ना? मंग वीणाच शे. आते सात दिन खाले ठेवानी नही!"

साडेचार वाजले होते. वर्षभर बोटं सोलवटून घेतलेली माझी पोर रडवेली झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, तासभर तरी द्या."

"तू चूप बस! एक फोडी ना?"

तेवढ्यात सई डोळे पुसत पुढे आली. "आबा, खाली नाही ठेवत. मला पहारा द्या."

आमच्या गावात वीणेला मुलगी कधी उभी राहिली नव्हती. सगळे आबांकडे बघू लागले. आबा वाकून तिच्या पाया पडले (पहारा बदलताना तशी रीतच आहे) आणि गिटार तिच्या गळ्यात घातली.

"उभी ऱ्हाय, पोरी. देवले चार काय, सहा काय, बठ्ठ्या तारा सारख्याच."

सईने सुरुवात केली. आधी एक टाळ बिचकत वाजला, मग दहा वाजले, मग मृदंगही शिरला. आबांनी व्हिडिओसाठी फोन धरला. मला इतका आनंद झाला की मी तिच्या मागे उभा राहून जोरजोरात टाळ्या पिटू लागलो. सहाला पाच कमी असताना व्हिडिओ गेला.

चार दिवसांनी उत्तर आलं: "अंतिम फेरीसाठी निवड झाली आहे. टाळकऱ्यांनाही जरूर आणा. फक्त मागचा तो चष्मेवाला, जो टाळ्या वाजवून सगळ्यांचा ताल चुकवतोय, त्याला घरी ठेवा."

गावात चष्मेवाले पुष्कळ आहेत, असं मी घरात सांगून पाहिलं!