मधला कागद

माझी आत्या मधमाश्या पाळायची आणि माणसांवर संशय घ्यायची. यातला धंदा कुठला आणि आवड कुठली, हे आम्हाला कधी ठरवता आलं नाही. गिऱ्हाईकाने मधाची स्तुती केली, तर "याला कमी भावात हवाय" म्हणे. न बोलता घेऊन गेलं, तर "हा नक्की पाणी घालून विकणार" म्हणे. मी भेटायला गेले की दारातच माझा खांदा हुंगायची. "आधी कुठे जाऊन आलीस?" मी तिला थट्टेने पहारेकरीण म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं.

कारण पेटीच्या तोंडाशी बसणाऱ्या पहारेकरी माश्यांवर तिचा खरा जीव. परसात पेट्या बघायला येणारे हटकून म्हणायचे, "काय ही एकी! माणसांनी शिकावं." आत्या नाक मुरडायची. "शिका हो. परक्या वासाची माशी आली की या तिला पायाला धरून बाहेर ओढतात. आतल्याच एखादीने चोरून अंडं घातलं, तर बाकीच्या ते खाऊन टाकतात. अंडी घालायची ती राणीने. तुमची ती एकी पहाऱ्यावर टिकते." पाहुणे मध घेऊन निघून जायचे.

धाकटा काका वारला, तेव्हा काकू एक ट्रंक आणि काकाची एकुलती एक मधपेटी घेऊन आत्याकडे राहायला आली. मूलबाळ नव्हतं. भाऊ होता, पण आईच्या आजारपणात ती त्याच्याकडे राहिली, तेव्हा सगळ्या घराची धुणीभांडी तिच्या गळ्यात पडली होती आणि जेवायला ती शेवटी. "तिथे परत मोलकरीण होण्यापेक्षा वन्संची बोलणी परवडली," ती मला म्हणाली. वन्संनी तिला मागची खोली दिली, मधल्या दाराला आपल्या बाजूने कडी घातली आणि तिची पेटी परसाच्या पार टोकाला, धुण्याच्या दगडामागे ठेवायला लावली.

फुलांचा हंगाम सरला आणि आत्याची मधली पेटी ढासळू लागली. दाराशी मारामाऱ्या, खाली मेलेल्या माश्या, आतला मध आटत चाललेला. बाहेर फुलं नसली की माश्याही दुसऱ्याचं घर लुटतात. आत्याला चोर शोधावा लागलाच नाही. "हिच्याच माश्या. ही घरात शिरली तेव्हाच मला वास आला होता." तिने काकूच्या भावाला परस्पर निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा. हे मला फार उशिरा कळलं. पुरावा तिने त्यानंतर शोधायला घेतला. तिची न्याय करायची पद्धतच तशी.

"सिद्ध झालं की पेटी उचलायची," तिने काकूला बजावलं, "आणि पेटीबरोबर तूही."

पुरावा म्हणजे पीठ. लुटून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर ते भुरभुरायचं आणि पांढऱ्या माश्या कुठे शिरतात ते बघायचं. आत्या चाळणी घेऊन उभी राहिली, मी धुण्याच्या दगडापाशी. काकू माझ्या शेजारी पदराचं टोक पिळत होती. तिची भीती मला बघवेना. आणि तरी मनात आलंच, कोण जाणे, आत्याचं नाक सहसा चुकत नाही.

दगडामागे एकही पांढरी माशी आली नाही. सगळ्या सरळ गेल्या दारालगतच्या मोठ्या पेटीत. आत्याची ही लाडकी पेटी. हिचाच मध ती सगळ्यांना कौतुकाने चाखवायची.

"पीठ जास्त पडलं," आत्या म्हणाली. "वाट चुकल्या."

मी काकूच्या जागी असते तर तिथेच हिशेब चुकता केला असता. काकूने लुटल्या गेलेल्या पेटीला कान लावला. "वन्सं, हिच्यात राणी नाही. ऐका, कशा घुमतायत. माझ्या पेटीत राणी आहे, पण माश्या मूठभर. एकत्र करूया?"

"म्हणजे राणी तुझी आणि प्रजा माझी!"

"नाहीतर दोन्ही मरतील."

यात संशय घेण्यासारखं काही आत्याला सापडेना. तिने बराच वेळ शोधलं.

काकूच्या पेटीचं झाकण काढून वर वर्तमानपत्राचं पान अंथरलं, सुईने भोकं पाडली आणि त्यावर आत्याची बिनराणीची पेटी तळ काढून ठेवली. थेट भेटल्या तर माश्या एकमेकींना मारतात. कागद कुरतडून होईपर्यंत वास एकमेकींत मुरतो, मग कोण कुठली हे त्यांचं त्यांनाही कळत नाही. तोवर उघडून बघायचं नाही. हा नियम जगाला शिकवणारी आत्याच दर थोड्या वेळाने झाकणाकडे जायची. "तुझी राणी माझ्या माश्या फितवत नाही ना, एवढंच बघते." काकू तिला हाताला धरून मागे आणायची. शेवटी दोघी परसातच बसू लागल्या; आत्याचा पहारा पेटीवर, काकूचा आत्यावर. दिवसभर गप्प बसणार किती? काका लहानपणी आत्याच्या मागे लपून माश्या कसा बघायचा, ते आत्याने सांगितलं. काकू खूप रडली, आणि आत्या उठून गेली नाही.

एका सकाळी पेटीच्या तोंडाशी कागदाचा भुगा पडलेला होता. मेलेली माशी एकही नाही. आत्याने भुगा तळहातावर घेऊन हुंगला.

तेवढ्यात दाराशी काकूचा भाऊ उभा राहिला, तोंडभर हसत. "ताईला न्यायला आलोय. तुमचा निरोप मिळाला."

काकूच्या हातातला झाडू गळून पडला. ती आत्याकडे बघतच राहिली.

आत्या दारात आडवी उभी राहिली. तिने त्याचा खांदा हुंगला. "रिकाम्या हातांनीच आलात?"

"अं?"

"कसला निरोप? तुमच्याकडची कामवाली सोडून गेली वाटतं."

तो लाल झाला. "अहो, तुम्हीच तर..."

"बघा! आमचं माणूस पळवायचं आणि वर नाव माझंच पुढे करायचं!"

तो पाय आपटत निघून गेला. काकूने मागून हळूच विचारलं, "निरोप तुम्हीच धाडला होता ना?"

"धाडला होता. तेव्हा तू परकी होतीस." आत्याने मान वळवली नाही. "आता सरक. गेला का नक्की, ते बघू दे."

काकू सरकली नाही. तिच्या खांद्याला खांदा लावून तीही रस्त्याकडे डोळे बारीक करून बघू लागली.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या झाडामागे कोणीतरी उभं आहे."